ग्लोरिया आणि तीन थेरपिस्ट



गेल्या महिन्यात व्याख्यान संपल्यावर जिन्यात एक गृहस्थ भेटले. त्यांची सून थेरपीला जाते. म्हणाले, "बाई, ती दर आठवड्याला तिथून रडून येते. थेरपिस्ट चांगली असेल तर माणूस हसत यायला हवं ना? मग चांगली आहे की नाही, हे ओळखायचं कसं?" मी त्यांना जिन्यातच काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं आणि घरी गेल्यावर मला त्याची लाज वाटली. छत्तीस वर्षं शिकवलेल्या बाईनं असं उत्तर देऊ नये. तेव्हा आजचा विषय त्यांच्यामुळे आहे.

आधीच सांगते, मी मानसशास्त्राची नाही, तत्त्वज्ञानाची आहे. मला कुणावर उपचार करता येत नाहीत. मला येतं ते एवढंच, की एखादी संहिता समोर घ्यायची आणि ती नीट वाचायची. आजची संहिता म्हणजे एक चित्रपट आहे. 'थ्री अप्रोचेस टू सायकोथेरपी' असं त्याचं नाव, साल 1965. पण जगभरातल्या मानसशास्त्र विभागांत तो 'ग्लोरियाची फिल्म' म्हणूनच ओळखला जातो. आमच्या कॉलेजात मानसशास्त्र विभागाकडे त्याची व्हिडिओ कॅसेट होती. ती मी नीतिशास्त्राच्या वर्गासाठी उसनी आणत असे. निदान पंधरा वेळा तरी मी तो पाहिला असेल.

चित्रपट साधा आहे. ग्लोरिया नावाची तिशीची एक घटस्फोटित अमेरिकन बाई. तिला नऊ वर्षांची मुलगी. ही ग्लोरिया एकामागून एक तीन थेरपिस्टांसमोर बसते. पहिले कार्ल रॉजर्स, दुसरे फ्रिट्झ पर्ल्स, तिसरे अल्बर्ट एलिस. तिघेही त्या काळातले दिग्गज, प्रत्येकाची स्वतःची उपचारपद्धती. प्रत्येकाला अर्धा तास किंवा त्याहून कमी. बोलण्याआधी प्रत्येक जण आपली पद्धत समजावून सांगतो, आणि नंतर कसं झालं तेही सांगतो. कृष्णधवल चित्र, दोन खुर्च्या, बास.

वर्गात चित्रपट संपला की मी हात वर करायला सांगायचे. तुम्हाला गरज पडली तर कुणाकडे जाल? दरवर्षी रॉजर्स निवडून यायचे. पर्ल्स खलनायक ठरायचे. आणि एलिसबद्दल एका वर्षी एक मुलगा म्हणाला, "मॅडम, हे तर आपले सर आहेत, मुलांना बोलूच देत नाहीत." (हशा) कुठले सर ते मी सांगणार नाही.

मीही बरीच वर्षं याच मताची होते. आज मला वाटतं की तो प्रश्नच चुकीचा होता.

रॉजर्सपासून सुरू करू, कारण तिथे पुष्कळ आहे. ग्लोरिया बसते आणि थोड्याच वेळात मुद्द्यावर येते. मुलीनं तिला विचारलंय, की बाबांपासून वेगळी झाल्यावर तू दुसऱ्या कुणा पुरुषाबरोबर होतीस का? आणि ग्लोरिया तिच्याशी खोटं बोललीय. नाही म्हणालीय. ते तिला खातंय. आता तिला रॉजर्सकडून उत्तर हवंय. खरं सांगितलं तर मुलीवर वाईट परिणाम होईल का? ती हे एकदा नाही, पुन्हा पुन्हा विचारते. रॉजर्स प्रत्येक वेळी तिचंच म्हणणं, तिची घालमेल, अधिक स्वच्छ करून तिच्या हातात परत ठेवतात. उत्तर देता आलं असतं तर दिलं असतं, असंही म्हणतात. त्यावर ती हसून म्हणते की मला भीती होतीच तुम्ही असं म्हणणार म्हणून. तिचं ते हसू बघण्यासारखं आहे.

रॉजर्सचा सिद्धांत असा की थेरपिस्टकडे तीन गोष्टी हव्यात: सच्चेपणा, समोरच्याचा बिनशर्त स्वीकार, आणि समानुभूती, म्हणजे समोरच्याच्या आत शिरून त्याचं जग समजणं. उत्तर ज्याचं त्यानं शोधायचं. आमची मुलं यावर भारावून जायची. पण आपण थोडं खोदून बघू. ग्लोरियाचा प्रश्न एक आहे की दोन? माझ्या मते दोन आहेत आणि ते एकमेकांत गुंतलेत. एक वस्तुस्थितीचा: नऊ वर्षांच्या मुलीला आईबद्दल असं काही कळलं तर साधारण काय होतं? दुसरा मूल्याचा: मी मुलीशी प्रामाणिक राहायचं की तिला जपायचं, आणि मला कसली आई व्हायचंय? दुसरा प्रश्न रॉजर्सनी तिच्याकडे परत केला हे अगदी योग्य. तो निर्णय दुसऱ्या कुणी दिला तर तो तिचा उरत नाही. पण पहिला? वर्षानुवर्षं मुलांबरोबर आणि पालकांबरोबर काम केलेल्या माणसाला त्याबद्दल काहीतरी माहीत असणारच. ते सांगायला काय हरकत होती? डॉक्टरकडे गेल्यावर रक्तदाबाचा आकडा विचारला आणि डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं?" तर आपण ऐकून घेऊ का? रॉजर्सनी दोन्ही प्रश्न एकाच पिशवीत घातले. बिनशर्त स्वीकाराच्या नावाखाली माहिती रोखून धरली, असं मी म्हणेन. ही माझी टीका रॉजर्सप्रेमींना आवडत नाही. नागपूरला एका चर्चासत्रात एक विदुषी माझ्याशी जेवणाच्या रांगेत भांडल्या होत्या. मी अजून त्याच मतावर आहे.

आणि मग शेवटाकडे ते प्रसिद्ध वाक्य येतं. ग्लोरियाचे डोळे भरून येतात, ती म्हणते की तुमच्यासारखे वडील असते तर. रॉजर्स म्हणतात की मला तू चांगली मुलगी वाटतेस. यावर शाईचे पाट वाहिलेत. काही म्हणतात, हा सच्चेपणाचा परमोच्च क्षण. काही म्हणतात, इथे थेरपिस्टचा पाय घसरला, तिनं टाकलेली वडिलांची भूमिका त्यांनी उचलून अंगावर घेतली. पुढे काय झालं ते ऐका. साधारण वर्षभरानं एका परिषदेत ती रॉजर्स आणि त्यांच्या पत्नी हेलन यांना भेटली. जेवताना तिनं विचारलं, मी तुम्हाला माझे मानलेले आईवडील समजू का? दोघं हो म्हणाले. त्यानंतर तिच्या मृत्यूपर्यंत, सुमारे पंधरा वर्षं, ती त्यांना अधूनमधून पत्रं लिहीत राहिली. आजची आचारसंहिता शिकलेल्या कुठल्याही थेरपिस्टला हे ऐकून घाम फुटेल. मलाही अवघडल्यासारखं होतं. पण अर्ध्या तासाच्या एका भेटीनं जन्मभराचं नातं लागलं आणि त्यानं तिचं काही नुकसान झाल्याचा पुरावा नाही, हेही मला नाकारता येत नाही. दोन्ही गोष्टी एकत्र धरून ठेवाव्या लागतात.

एलिसकडे पटकन जाते. महाराष्ट्रात एलिस आपल्याला परके नाहीत. कि. मो. फडके यांनी त्यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून विवेकनिष्ठ मानसोपचार इथे रुजवले, अंजली जोशींचं 'मी अल्बर्ट एलिस' तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. माझ्यासारखीला एलिस जवळचे वाटतात, कारण त्यांचा पाया एपिक्टेटसचा आहे: घटना नव्हे, घटनेकडे बघण्याची आपली दृष्टी आपल्याला छळते. विचार म्हणून मला तिघांत एलिस सर्वांत भक्कम वाटतात. पण चित्रपटात काय दिसतं? आवडणारा पुरुष समोर आला की मी बुजते, असं ग्लोरिया सांगते आणि एलिस सुटतात. ते बरोबर बोलतात, पण थांबत नाहीत. ती वाक्य सुरू करते आणि मध्येच सोडून देते. स्वतः एलिससुद्धा पुढे त्या मुलाखतीवर खूश नव्हते. बरोबर असणं आणि उपयोगी पडणं यांतलं अंतर पाहायचं असेल तर ही वीसेक मिनिटं पाहावीत. मी अनेक वर्षं वर्गात हेच करत होते, हे मला निवृत्तीनंतर कळलं. त्याकडे येतेच.

आता पर्ल्स. गेस्टाल्ट थेरपीचे प्रवर्तक. पद्धत अशी की भूतकाळाच्या गोष्टी नकोत, या क्षणी इथे काय चाललंय तेवढं बघायचं. ग्लोरिया म्हणते मला तुमची भीती वाटतेय, आणि म्हणताना ती हसते. पर्ल्स तिथेच पकडतात: भीती वाटतेय तर हसतेस कशी? हे ढोंग आहे. ढोंगी हा शब्द ते बिनदिक्कत वापरतात. ती चिडते. तिचा आवाज बदलतो, पाठ ताठ होते. ती त्यांना सुनावते की तुम्ही मला आदर देत नाही. आणि कमाल अशी, की तिन्ही मुलाखतींत ग्लोरिया सर्वांत जिवंत कुठे दिसते, तर इथे. दिवसाच्या शेवटी तिला विचारलं की सध्या तुला कुणाचा सर्वांत उपयोग होईल, तेव्हा तिनं पर्ल्सचं नाव घेतलं. माझी मुलं यावर थक्क व्हायची.

मग पर्ल्स बरोबर का? आता कॅमेऱ्याबाहेरचं ऐका. ग्लोरियानं हे नंतर सांगितलंय. चित्रीकरण आटोपलं होतं, सगळे निघायच्या बेतात होते. पर्ल्स सिगारेट ओढत होते. त्यांनी तिला हातानं खूण केली, तळहात वर कर, ओंजळीसारखा. तिनं नकळत केला. त्यांनी त्यात राख झटकली.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं.

बघा, यात कायदा मोडला नाही. कुठल्या आचारसंहितेत 'राख झटकू नये' असं कलम नसतं. आणि तरी मला वाटतं, थेरपिस्टच्या वागण्याबद्दल जे काही समजून घ्यायचं ते या एका कृतीत आहे. पर्ल्सचा सारा सिद्धांत माणसानं स्वतःची जबाबदारी घ्यावी, स्वतःच्या पायावर उभं राहावं, हा. पण त्यांच्या खोलीत वीस मिनिटं बसलेल्या बाईचा हात त्यांच्या खुणेवर आपोआप वर गेला. पुढे तिला पर्ल्सचा जो राग आला तोही हाच होता, की तो सांगेल ते मी का करत गेले. खोलीत तिला राग व्यक्त करता आला, हे खरं. पण तो राग पर्ल्सच्या परवानगीनं, पर्ल्सच्या खेळात होता. खेळ संपल्यावर नियम कुणाचे होते ते राखेनं दाखवलं.

लोक थेरपिस्टच्या गैरवर्तनाबद्दल बोलतात तेव्हा मोठ्या गोष्टींबद्दल बोलतात. शरीरसंबंध वगैरे. ते बोलायलाच हवं. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची पहिली आचारसंहिता 1953 ची, पण रुग्णाशी लैंगिक संबंध अनैतिक, हे तिच्यात स्पष्ट शब्दांत यायला 1977 साल उजाडलं. इतका उशीर! पण मोठी गोष्ट एकदम घडत नाही. आधी हात वर जातो.

आणि चित्रपटात चौथा थेरपिस्ट आहे, त्याच्याकडे वर्गात कुणाचंच लक्ष जात नसे. एव्हरेट शोस्ट्रॉम. चित्रपटाचे निर्माते. सुरुवातीला आणि शेवटी दिसतात, सभ्य, सूट घातलेले. हे गृहस्थ ग्लोरियाचे स्वतःचे थेरपिस्ट होते. आपल्या रुग्णाला त्यांनी विचारलं, चित्रपटात बसशील का? ती हो म्हणाली. संमती दिली. पण मी नीतिशास्त्रवाली म्हणून विचारते, तिला नाही म्हणता आलं असतं का? ज्याच्यासमोर तुम्ही मन उघडं केलंय, ज्याच्या चांगल्या मताची तुम्हाला गरज आहे, त्यानं मागितलेली गोष्ट नाकारायला किती ताकद लागते! आपल्याकडे 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे, उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही, असंही आहे. चांगला कायदा आहे. पण संमती मागणारा आणि देणारा यांच्यातलं नातं कायद्याला मोजता येत नाही.

हे मला स्वतःच्या अनुभवानं कळलं. निवृत्तीनंतर वर्षभरात माझी झोप गेली. मैत्रीण म्हणाली, कुणालातरी भेट. मी एका समुपदेशकाकडे गेले. दार उघडलं तर माझाच जुना विद्यार्थी. तो वाकून पाया पडला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! तिथेच घोटाळा झाला. त्यानं मला तुम्ही खुर्चीत बसा, मी स्टुलावर बसतो म्हटलं. फी घेईना. मी जे म्हणेन त्यावर "खरंय मॅडम." चार आठवडे मी बोलले, त्यानं मान डोलावली, माझी झोप होती तिथेच. फुकट घेतलेल्या गोष्टीबद्दल तक्रार तरी कशी करणार? त्याच्या जागी त्यानं पहिल्याच दिवशी म्हणायला हवं होतं, मॅडम, मी तुमचा विद्यार्थी, हे काम माझ्याच्यानं होणार नाही, दुसरं नाव देतो. आणि मीही ते म्हणायला हवं होतं. आदर ही आपल्याकडची फार गोड गोष्ट आहे, पण त्या खोलीत ती आडवी येते. आपण थेरपिस्टला गुरू करून टाकतो, नाहीतर तो आपल्याला.

दुसऱ्या वेळी नीट चौकशी करून गेले. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, ती विचारली. हे विचारण्यात काही उद्धटपणा नाही. समुपदेशक अशी पाटी आपल्याकडे कुणीही लावू शकतं, हे लक्षात ठेवा. फी किती, किती वेळ, मी सांगितलेलं कुणाला कळेल, कोणत्या परिस्थितीत कळेल, हे पहिल्याच भेटीत विचारलं. ती मुलगी तिशीची असेल. तिनं न चिडता सगळं सांगितलं. जिवाला धोका असेल तर गोपनीयता मोडावी लागते, हेही सांगितलं.

तिसऱ्या भेटीत मी तिला कांट समजावून देत होते. कर्तव्य म्हणजे काय, वगैरे. ती ऐकत होती. मग म्हणाली, "मॅडम, मला हे ऐकायला आवडतंय, पण वीस मिनिटं झाली, तुम्ही तास घेताय. तुम्ही कुठे आहात यात?"

मला संताप आला. काल शिकून आलेली पोर मला सांगते! घरी येऊन मी पुढची वेळ रद्द करायचा मेसेज टाइप केला. पाठवला नाही, कारण ग्लोरिया आठवली. तिनं पर्ल्सला तोंडावर सांगितलं होतं. मी माझ्या वयाच्या मानानं तेवढं तरी करावं. गेले आणि म्हणाले, मागच्या वेळी तुमचा मला राग आला. तिनं पेन खाली ठेवलं. स्वतःचा बचाव केला नाही, मला ढोंगी म्हटलं नाही, आणि घाबरून माफीही मागत सुटली नाही. म्हणाली, सांगा, नेमकं काय लागलं?

आणि त्या दिवशी ते निघालं. माझी आई शेवटची सहा वर्षं डिमेन्शियानं आजारी होती. एका दुपारी बदली बाई आली नाही, मला विद्यापीठात बैठकीला जायचं होतं, आणि मी आईला खोलीत बाहेरून कडी लावून गेले. तीन तास. परत आले तर ती दाराशी फरशीवर बसलेली. मला बघून म्हणाली, "आलीस का गं शाळेतून?" हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. कांटबिंट सगळा त्याच्यावर घातलेला पडदा होता.

मी तिला विचारलं, मी वाईट मुलगी होते का? ग्लोरियासारखंच, दोनतीनदा विचारलं. आणि इथे तिनं जे केलं ते रॉजर्सना जमलं नव्हतं. तिनं प्रश्नाचे दोन भाग केले. म्हणाली, कडी लावून जाणं धोक्याचं असतं, आग लागली, पडल्या, तर कुणी नाही. आणि हेही खरं की वर्षानुवर्षं एकट्यानं सांभाळणारी पुष्कळ माणसं थकून असं करतात, मी अनेकांकडून ऐकलंय. या झाल्या माहितीच्या गोष्टी. तुम्ही कशी मुलगी होता, हे मी सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवाल का? मी म्हणाले, नाही. मग वेळ संपली. तिनं घड्याळ दाखवलं आणि मंगळवारी भेटू म्हणाली. तेव्हा मला ते निष्ठुर वाटलं होतं. रिक्षात मी रडत घरी आले. शेजारच्या वहिनींनी बघितलं असतं तर त्यांनाही वाटलं असतं, ही कसली थेरपी.

त्या गृहस्थांना मला हे सांगायचं होतं. रडून आली का हसून आली, यावरून काहीच कळत नाही. ग्लोरिया रॉजर्सकडून डोळे पुसत उठली, पर्ल्सकडून तणतणत. कळतं ते दुसऱ्याच गोष्टीवरून: आपल्याला पटलं नाही, लागलं, चूक वाटलं, तर ते तिथेच त्या माणसाला सांगता येतं का, आणि सांगितल्यावर तो काय करतो. ऐकून घेतो, की 'हाच तुमचा आजार' म्हणून उलटवतो? नाराजी ऐकून वागणं सुधारतो का? आणि खोली सोडताना आपला हात आपल्या ताब्यात असतो का? हे सुनेला बाहेरून कुणी विचारू नये, मात्र. तिनं स्वतःला विचारायचं. आणि थेरपीतून जास्तीत जास्त मिळवायचं तर 'चांगला पेशंट' व्हायची हौस सोडावी लागते. मी ती चार आठवडे फुकट आणि तीन आठवडे फी भरून पुरवली.

ग्लोरिया 1979 च्या सुमाराला गेली, अगदी तरुण वयात. तिच्या त्या मुलीनं, जिच्याशी ती खोटं बोलली होती, 2008 मध्ये आईबद्दल आणि त्या चित्रपटांबद्दल पुस्तक लिहिलं. वर्गात मी मुलांना शेवटी हे सांगायचे, की खोलीत जिच्याविषयी सगळे बोलत होते आणि जी तिथे नव्हती, तिनंही पुढे तोंड उघडलं.

वेळ झाली. आता प्रश्न घेऊ. ते गृहस्थ आज आले असतील तर पहिला प्रश्न त्यांचा.